‘आय लव्ह’ पाटीखालून : आजी, माजी आणि भावी नगरसेवकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी कुणी दादा आहे, कुणी भाऊ, कुणी अण्णा, कुणी ताई. फ्लेक्सवर ते लिहिलेलं असतंच, म्हणून इथे नावं घेत नाही. पाटी नेमकी कुणी लावली यावरून मला भांडायचंही नाही, कारण पुण्यात फिरताना थोड्या थोड्या अंतरावर तीच पाटी भेटते. खाली ग्रॅनाइटचा चौथरा, वर दिव्यांची अक्षरं, ‘आय’ आणि भागाचं नाव यांच्यामधे लाल बदाम आणि कोपऱ्यात ‘संकल्पना’ या शब्दाखाली आपलं नाव. आमच्या प्रभात रोडची पाटी मराठी अक्षरांत आहे, त्याबद्दल अभिनंदन. तिच्याबद्दल एक विनंती आहे, ती शेवटी करतो.

उद्घाटनाला मी होतो. चहा चांगला होता. भाषणात आपल्यापैकी एकजण म्हणाले की प्रभात रोड आता पुण्यातला सगळ्यात हॅपनिंग एरिया करून दाखवू, बालेवाडीच्या तोंडात मारेल असा. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. फुकट चहा प्यायल्यावर तेवढं करावं लागतं. पण घरी जाताना एकच शब्द डोक्यात फिरत राहिला : ‘करून’. एरिया हॅपनिंग करतात कसा? मी या गल्ल्यांमध्ये चाळीस वर्षं पंक्चर काढली. एरिया आपोआप चालू होताना पाहिला, त्याला भाव येताना पाहिला, भाव आल्यावर तो विझतानाही पाहिला. कुणी ठरवून चालू केलेला मात्र एकही पाहिला नाही.

थोडं मागून सांगतो. आमच्या वडिलांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान नारायण पेठेत, नदीच्या अंगाला होतं. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि सव्वीस सायकली पाण्याखाली गेल्या. चिखल उपसल्यावर नऊ सापडल्या. पेठेत परवडेल अशी जागा मिळेना, तेव्हा ते त्या नऊ सायकली घेऊन लकडी पुलापलीकडे आले. प्रभात रोडच्या एका गल्लीत एका बंगल्याच्या मालकांकडे मोटारीचं गॅरेज होतं आणि मोटार नव्हती. ते गॅरेज मिळालं. भाडं इतकं कमी की जागेला काही बाधा आहे की काय, असा आईला संशय आला. बाधा एवढीच होती की संध्याकाळी सातनंतर तिथे चिटपाखरू नसायचं.

म्हणजे आज आपण ज्याला ‘प्राइम लोकेशन’ म्हणता, तिथे वडील आले ते स्वस्त म्हणून आणि कुणाला नको होतं म्हणून. त्यांच्या आधी जे आले त्यांचंही बरंचसं असंच. फर्ग्युसन कॉलेज १८८५ला शहरात सुरू झालं आणि १८९५ला आजच्या जागी, म्हणजे तेव्हाच्या गावाबाहेर आलं. भांडारकर संस्था १९१७ची. प्रभात फिल्म कंपनी १९३३ला कोल्हापूरहून इथे आली, कारण स्टुडिओला ऐसपैस जागा लागते आणि ती पेठेत कुठून असणार? रस्त्याला ‘प्रभात’ हे नाव पडलं ते त्या कंपनीवरून, एखाद्या ‘संकल्पने’तून नव्हे. १९६०पासून त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि तिथली दाढीवाली मुलं हे आमचं पुढची तीस वर्षं सगळ्यात बेभरवशाचं गिऱ्हाईक होतं. सायकल न्यायची एका तासासाठी आणि आणायची तिसऱ्या दिवशी, तीही दुसरीच.

त्या मुलांमुळे भागात जीव होता. खिशात दहा रुपये आणि हातात अख्खी संध्याकाळ, अशी ती माणसं. त्यांच्या मागोमाग खाणावळ आली, कॉट बेसिसवरच्या खोल्या आल्या, टायपिंगवाला आला, मग झेरॉक्स. डेक्कनच्या कोपऱ्यावरचं गुडलक १९३५पासून उभं आहे. आमच्या वेळी तिथे एका बनमस्क्यावर दोघं किती वेळ बसली आहेत हे कुणी घड्याळ लावून बघत नसे. ‘बसू देणं’ हीच त्या काळची सगळ्यात मोठी सोय होती. आमच्या दुकानापुढेही एक दगडी पायरी होती. पंक्चर निघायला वीस मिनिटं लागायची आणि माणूस बसायचा तासभर. त्या पायरीवर दोन लग्नं जमली आणि एक मोडलं. आज त्याच गल्लीत दुकानांच्या पायऱ्यांवर लोखंडी खिळे ठोकलेत, कुणी बसू नये म्हणून. आणि पंधरा पावलांवर आपला ग्रॅनाइटचा चौथरा आहे, त्यावर चढू नये म्हणून साखळी लावली आहे. बसायची जागा काढली आणि प्रेमाची पाटी लावली, असा हा हिशेब आहे.

कोरेगाव पार्कचंही वेगळं नाही. संस्थानिकांचे आणि शेठलोकांचे मोठे बंगले, वडाची झाडं आणि सुनसान गल्ल्या. १९७४ला रजनीश तिथे आले आणि त्यांच्यामागे भगव्या कफन्या घातलेले गोरे शिष्य. त्यांना राहायला खोल्या हव्या होत्या, खायला पाव हवा होता आणि फिरायला सायकली. वडिलांनी बऱ्याच जुन्या सायकली ओव्हरऑइल करून तिकडे विकल्या. महापालिकेने ‘आंतरराष्ट्रीय परिसर’ म्हणून काही ठरवलं नव्हतं. उलट तेव्हा पेठेतली माणसं तिकडे जाणाऱ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायची. मग बेकऱ्या आल्या, कपड्यांची दुकानं आली आणि त्यांच्यामागून बिल्डर आले. आज त्या गल्ल्यांमधला जागेचा भाव ऐकला की खुद्द संन्यासालाही संसाराची आठवण होईल.

बालेवाडीबद्दल मात्र प्रामाणिकपणे बोलतो, कारण म्हातारा झालो म्हणून नव्या भागांना नावं ठेवायची मला हौस नाही. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी तिथे क्रीडासंकुल झालं, १९९७ला गाव महापालिकेत आलं. नंतर हिंजवडीच्या आयटीमुळे जवळच राहायला हवं असणारी हजारो तरुण माणसं आली. तिथली हायस्ट्रीट, म्हणजे हॉटेलं-दुकानांचा रस्ता, ठरवून बांधली, हे खरं. पण ती चालते ती नावामुळे नाही. माझी भाची हिंजवडीला नोकरी करते. तिला विचारलं, तिथे जाता कशाला? ती म्हणाली, “मामा, रात्री अकराला मैत्रिणींबरोबर चालत जाता येतं. उजेड असतो, फूटपाथ असतो, माणसं असतात.” तिने एकाही हॉटेलचं नाव घेतलं नाही. ही तिची दोन वाक्यं लॅमिनेट करून आपल्या कार्यालयात लावावीत. आणि वर राहणाऱ्या लोकांना रात्री गाण्यांच्या दणदणाटामुळे झोप लागत नाही, हे तिसरं वाक्य माझ्यातर्फे.

कारण एरिया चालू झाला की त्याची दुसरी बाजूही येते. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका भरधाव मोटारीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. नंतर शहरभर पबवर कारवाया झाल्या, आपण सगळ्यांनी निवेदनं दिली. पण रात्री दीडला रस्त्यावर किती माणसं, किती गाड्या, किती उजेड आणि किती पोलीस हवेत, याचा विचार एरिया ‘हॅपनिंग’ करतानाच करायचा असतो ना? का तेव्हा फक्त बदाम?

आता माझ्या गाळ्याची गोष्ट. यात कुणाची तक्रार नाही, फक्त आकडे आहेत.

ते गॅरेजवालं दुकान २००४ला गेलं. बंगला पाडून इमारत झाली. मोबदला घेतला आणि शेजारच्या गल्लीत एक गाळा लिव्ह-लायसन्सवर घेतला, दर ११ महिन्यांनी करार. जुनी भाडेकरूची जागा सोडून करारावर गेलो ही चूक झाली, हे बायको मला आजही सांगते, साधारण आठवड्याला दोनदा. २०१८ला भाडं १४ हजार होतं. तोवर गल्लीत दोन कॅफे आले होते. छान होते, मुलं यायची, मला बरं वाटायचं. करार संपला तेव्हा मालक म्हणाले, आता ६०. ते वाईट नव्हते, त्यांना तेवढे देणारा खरंच मिळाला होता.

मी रात्री कागद घेऊन बसलो. एका पंक्चरचे तेव्हा मी ६० रुपये घ्यायचो. ६० हजार म्हणजे महिन्याला एक हजार पंक्चर. रोज तेहतीस, रविवार धरून. ट्यूब, सोल्यूशन, वीज आणि पोरगा वेगळा. एवढी पंक्चर हवी असतील तर मला स्वतःलाच रात्री रस्त्यावर खिळे टाकत फिरावं लागलं असतं. कॅफेवाल्याची कॉफी २४० रुपयांना. त्याला तेच भाडं निघायला महिन्याला अडीचशे कप, म्हणजे रोज आठ-नऊ. त्याला दूध, एसी, चार पोरं, मशीनचा हप्ता आहे, मान्य. तरी एकाच गल्लीत आठ-नऊ कपांचं गणित आणि तेहतीस पंक्चरचं गणित शेजारी-शेजारी उभं राहिलं तर कोण उठणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मी उठलो. माझ्यानंतर इस्त्रीवाला, मग चपला शिवणारे काका, मग पिठाची गिरणी. आज त्या गल्लीत सहा प्रकारची कॉफी मिळते आणि चपलेचा तुटलेला अंगठा शिवून मिळत नाही.

माझी मुलगी आर्किटेक्ट आहे. ती म्हणाली, बाबा, याला इंग्रजीत शब्द आहे, जेंट्रिफिकेशन. लंडनमध्ये कामगारांच्या वस्त्यांत पैसेवाले राहायला आले आणि मूळची माणसं हळूहळू बाहेर पडली, ते बघून रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ला तो शब्द काढला. मी म्हटलं, बाईंचं निरीक्षण बरोबर आहे, पण आमच्याकडे एवढा लांब शब्द लागत नाही. आम्ही म्हणतो, ‘एरियाला भाव आला’. मुलगी म्हणाली की लंडनमध्ये लोकांची घरं गेली, तुमचा फक्त गाळा गेला. तेही खरंच. वारज्याला माझं घर आहे, खाली पार्किंगमध्ये काम करतो आणि जुन्या गिऱ्हाइकांकडे पेटी घेऊन जातो. रडगाणं गायला हे पत्र लिहिलेलं नाही.

पण एक गंमत ऐकाच. गाळा सोडताना कॅफेवाल्या मुलाने माझ्याकडची वडिलांच्या वेळची एक सायकल मागितली. नऊ वाचलेल्यांपैकी शेवटची. काळी, चोवीस इंची, चेनकव्हरवर पांढऱ्या रंगात नंबर ७. मला वाटलं, चालवेल. त्याने ती भिंतीवर टांगली. पॅडल काढून, हँडल फिरवून, खाली पिवळा दिवा. लोक तिच्यासमोर फोटो काढायचे. दीड वर्षात तो कॅफे बंद पडला. (भाडं त्यालाही झेपलं नाही. आठ-नऊ कप फक्त भाड्यापुरते असतात, हे त्याच्या नंतर लक्षात आलं असावं.) पुढच्याने फर्निचरसकट जागा घेतली, म्हणजे सायकलीसकट. मग कोविड, मग तिसरा. सहा वर्षांत तीन कॅफे झाले आणि सायकल तिथेच आहे. ज्या गल्लीत सायकलवाल्याला जागा नाही तिथे सायकल मात्र भिंतीवर पर्मनंट. मागच्या महिन्यात कॉफी प्यायला मुद्दाम गेलो होतो. दोन्ही टायरांत हवा नव्हती. म्हटलं, पंप आणतो, भरून देतो. तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला, “नको सर, डेकोर आहे.”

शहरालाही आपण असंच वागवतो, पण ते राहू दे, मी सायकलीबद्दलच बोलतो. २०१७ला महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षाअखेरीस औंधमध्ये आणि विद्यापीठात मोबाइलवरून उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. मी खूश झालो, आमचाच धंदा होता तो, फक्त वहीऐवजी ॲप. दोन-तीन वर्षांत त्या कुठे कोपऱ्यात, कुठे नाल्यात पडलेल्या दिसायला लागल्या. कारण विचाराल तर माझ्या मते एकच. रस्त्यावर आलेली प्रत्येक सायकल रोज बिघडते. तिच्या रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला, ब्रेक आवळायला जवळपास माणूस लागतो. सायकली आणल्या आणि सायकलवाला उठवला, तर दुसरं काय होणार?

तेव्हा आपल्याकडे मागणं काय, असं विचाराल. फार नाही.

जंगली महाराज रस्ता बघा. सत्तरच्या दशकात तो १० वर्षांच्या हमीवर एकदा नीट बांधला आणि पुढे कित्येक वर्षं त्यावर खड्डा दिसला नाही, हे सगळं पुणं अभिमानाने सांगतं. अलीकडे स्मार्ट सिटीच्या कामात त्याचा फूटपाथ रुंद केला, बाकं टाकली, जुनी झाडं ठेवली. पार्किंग गेलं म्हणून आरडाओरडा झाला. आज संध्याकाळी जाऊन बघा, त्या बाकांवर म्हातारे आहेत, क्लासला आलेली पोरं आहेत, हातात कणीस घेऊन बसलेली कुटुंबं आहेत. एकाही बाकावर ‘आय लव्ह’ लिहिलेलं नाही. पादचाऱ्यांचं धोरण आपल्या महापालिकेने २०१६लाच मंजूर केलेलं आहे, म्हणजे नव्या संकल्पनेची गरजही नाही. लक्ष्मी रस्त्यावर २०२१पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात. चांगलं आहे. उरलेल्या ३६४ दिवसांचंही कुणीतरी मनावर घ्यावं.

दुसरं मागणं माझ्या धंद्यातलं आहे आणि यावर मी हटून बसणार आहे. मोठे लेआउट होतात तेव्हा बिल्डरकडून सार्वजनिक सोयींसाठी जागा सोडून घेतल्या जातात, ज्यांना आपण ॲमिनिटी स्पेस म्हणता. २०२१ला त्या दीर्घ मुदतीच्या भाड्याने देण्याच्या प्रस्तावावरून केवढं रान उठलं होतं, आपल्याला आठवत असेल. त्यातल्या एकेका जागेच्या कडेला दहा बाय दहाचे सहा गाळे बांधा. इस्त्री, चप्पल, सायकल, गिरणी, शिलाई आणि कुलूप-किल्ली. भाडं महापालिकेने ठरवायचं आणि करारात एकच अट : धंदा बदलला तर गाळा परत. पोटभाडेकरू ठेवला तरी परत. लिलाव करू नका, लिलाव केला की सातवी कॉफी येईल. आणि त्यातला एकही गाळा आपल्या कार्यकर्त्याला देऊ नका. हे लिहिताना मलाच हसू आलं, पण लिहून ठेवतो.

स्वच्छतागृहाबद्दल लिहिणार होतो. प्रभात रोडवर घरोघरी पेटी घेऊन फिरणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळते. पण त्यावर आजवर इतक्यांनी लिहिलं आहे की मी फक्त माझी सही जोडतो.

आता पाटीबद्दलची ती विनंती.

ऑगस्टच्या पावसात पाटीच्या मागच्या पेटीत पाणी गेलं आणि ‘प्र’चा दिवा गेला. तेव्हापासून रात्री आपली पाटी अशी दिसते : आय, लाल बदाम, भात रोड. पहिल्या आठवड्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कुणीतरी खाली एक कागद चिकटवला, ‘इंद्रायणी की आंबेमोहोर?’ दुसऱ्या दिवशी त्याखाली निळ्या पेनने उत्तर होतं, ‘आधी वरण सांगा’. आता रोज रात्री नवाच्या सुमाराला तिथे पोरं-पोरी थांबतात, हसतात, फोटो काढतात. साखळी कुणीतरी काढून ठेवली आहे आणि चौथऱ्यावर चक्क माणसं बसतात. शेजारच्या इमारतीतले एक आजोबा रोज खाली येऊन नवीन कागद आलाय का बघतात. गेल्या पंधरवड्यापासून सायकलवर थर्मास बांधून एक चहावालाही यायला लागला आहे. त्याचं स्टँड ढिलं होतं, मी परवा तिथेच बसून आवळून दिलं. चहा फुकट मिळाला, टाळ्या वाजवाव्या लागल्या नाहीत.

उद्घाटनाच्या दिवशी होती त्याच्यापेक्षा जास्त माणसं आता त्या कोपऱ्यावर असतात. इलेक्ट्रिशियनला फोन झाला असेल तर कृपया परत करून त्याला नको म्हणून सांगा.

आपला,
वारज्याचा, पण मूळचा प्रभात रोडचा, त्याआधी नारायण पेठेतला,
एक सायकलवाला